मागून आणलेला पाळणा

मिशी ठेवणाऱ्या पुरुषांवर माझा जुना राग आहे. नवव्या वर्षी मला विषमज्वर झाला, तीन आठवडे अंथरुणाला खिळले होते, आणि उठले ती कान तिथेच ठेवून उठले. डाव्या कानाने काहीच नाही. उजव्याने, पाठीमागे हंडा पडला तर काहीतरी पडलं एवढं कळतं. तेव्हापासून मी लोकांचे ओठ वाचते. बायकांचं बोलणं मला चांगलं समजतं, पोरांचं त्याहून चांगलं. पण ओठांवर छप्पर घालून हिंडणाऱ्या माणसाचं अर्धं बोलणं मिशीतच राहतं, आणि वर तोच माझ्याकडे मी खुळी असल्यासारखा बघतो.

ओठ वाचण्यात एक मोठी अडचण आहे. प, ब आणि म ही तिन्ही अक्षरं ओठांवर सारखीच दिसतात. 'पाट' म्हणा, 'बाठ' म्हणा की 'माठ' म्हणा, मला एकच. मागचंपुढचं बघून मी ताडते, आणि बहुतेक वेळा बरोबर ताडते. एकदा मात्र चांगलीच चुकले. ही त्या चुकीची हकीकत आहे, आणि माझ्या सासूबाईंची.

मी घाटावरची. आई लवकर गेली, वडिलांनीच वाढवलं. सासूबाई कोकणातून मला बघायला आल्या तेव्हा वडिलांनी काही लपवलं नाही. मुलीला ऐकू येत नाही, ओठ बघून समजून घेते, असं पहिल्याच पाच मिनिटांत सांगून टाकलं. आधी दोन स्थळं तेवढ्यावरच चहा न पिता उठली होती. सासूबाईंनी कप खाली ठेवला, माझ्याकडे नीट बघितलं आणि वडिलांना म्हणाल्या, "मला बोलायची फार सवय आहे हो. हिला ऐकू येत नाही ते एका परीने बरंच." वडिलांना हसावं की नाही कळेना. मी ओठ वाचले होते, मी हसले. लग्न तिथेच ठरलं, असं मी आजही मानते.

घर श्रीवर्धन तालुक्यात, बोर्ली पंचतनपासून दोन-अडीच मैलांवर, समुद्राच्या अंगाला. नारळी-पोफळीची वाडी, दोन गाई, एक विहीर. स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. जिल्ह्याला अजून कुलाबा म्हणत. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. यजमान मुंबईला एका कचेरीत कारकून होते आणि बोटीने यायचे. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे ज्येष्ठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत नवरा पत्रातच. घरात आम्ही दोघी. सासूबाई पहाटे उठून वाडी शिंपायच्या, दुपारी सुपारी सोलायच्या, आणि दिवसभर बोलायच्या. गाईशी, पोफळीशी, चुलीशी. माझ्याशी बोलताना मात्र हातातलं काम थांबवून समोर यायच्या आणि तोंड उजेडाकडे करायच्या. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. माझ्या सख्ख्या भावाला ते कधी जमलं नाही.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. माहेरी बाई माणूस नव्हतं, तेव्हा पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. दिवस श्रावणात भरणार होते. म्हणजे ऐन पावसात, नवरा मुंबईत, घरात एक सासू आणि एक बहिरी बाळंतीण.

फाल्गुनातली गोष्ट. मी मागच्या पडवीत सुपारी सोलत बसले होते. माझ्यापासून दहा पावलांवर वासरू बांधलं होतं. त्याचा पाय दाव्यात अडकला, ते पडलं, दावं गळ्याला आवळलं गेलं आणि ते ओरडत राहिलं. किती वेळ, कोणाला ठाऊक. माझी पाठ होती. सासूबाई विहिरीवरून कळशी टाकून धावत आल्या तेव्हा त्यांच्या पदराचा वारा लागून मी वळले. वासरू वाचलं. सासूबाईंनी विळ्याने दावं कापलं, त्याच्या गळ्याला खोबरेल लावलं आणि मला एक अक्षर बोलल्या नाहीत. एरवी मिठाची बरणी उघडी राहिली तर पाऊण तास बोलणारी बाई. ते न बोलणं मला फार लागलं.

त्याच संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. दोघी ओटीवर बसल्या होत्या, मी माजघरात दिवा पुसत होते. दारातून मला दोघींची तोंडं दिसत होती. वासराची गोष्ट निघाली. काकू म्हणाल्या, गुराचं ठीक आहे, पण उद्या मूल रडेल रात्रीचं, तेव्हा काय करणार आहात. सासूबाई वाती करत होत्या. मग त्यांनी मान वर केली आणि मला त्यांचे ओठ स्वच्छ दिसले:

"बाळ ना, मी मागीन."

पुढे त्या काकूंकडे वळल्या आणि मला फक्त अंबाडा दिसत राहिला.

मी दिवा खाली ठेवला. बाळ मी मागीन. म्हणजे मूल झालं की सासूबाई माझ्याजवळून ते मागून घेणार, आपल्याजवळ माजघरात निजवणार, आणि दूध पाजायला म्हणून दिवसातून चार वेळा माझ्या मांडीवर आणून ठेवणार. वाईट म्हणजे त्यांचं चुकत होतं असंही मला म्हणता येईना. दहा पावलांवरचं वासरू मला कळलं नव्हतं. मूल तर वासराच्या पाव आवाजाचं.

मी यजमानांना पत्र लिहिलं. चार पानं. उत्तर आलं ते एका पानाचं: आई म्हणते तर त्यात मुलाचं भलंच असेल, रात्री मूल तिच्याजवळ राहिलं तर तुलाही विश्रांती, तू मनाला लावून घेऊ नकोस. पत्र मी बंबात घातलं. त्या दिवशी आंघोळीचं पाणी छान तापलं होतं.

चैत्र लागला आणि घरात पाळणे यायला लागले.

ह्याची मला काहीच कल्पना नव्हती. आमच्याकडे घाटावर मामा नाहीतर आजोबा नवा पाळणा घेऊन येतात. इथे निराळंच. पहिल्या मुलाला कोरा पाळणा चालत नाही. ज्या घरात मुलं जगली, धडधाकट वाढली, त्या घरचा पाळणा आणायचा. तोही मूल झाल्यावर. आधीपासून पाळणा बघायला लागलं तर बायका तोंडावर पदर घेतात. सासूबाईंनी त्या पदरांकडे ढुंकून बघितलं नाही. बोर्लीच्या बाजारी गेल्या की येताना कोणाच्या तरी घरी डोकावून यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी गड्याच्या डोक्यावरून एक पाळणा दारात. कशासाठी, कुठे टांगायचा, हे मला सांगत नव्हत्या. पोटातल्या जिवाची तयारी बोलून करायची नाही, एवढा एक रिवाज तरी त्यांनी पाळला. मला सांगायची गरजही नव्हती. माझं ठरलेलं होतं: हा सगळा थाट माजघरासाठी.

पडवीच्या वाशाला पाळणा टांगायचा, त्यात दोन नारळ ठेवायचे, एक नारळ काठीने हलवायचा आणि आपण दोरीला, नाहीतर शेजारच्या खांबाला, तळहात लावून डोळे मिटून उभं राहायचं. अशी त्यांची परीक्षा. मग डोळे उघडून मान हलवायच्या आणि पाळणा परत. हरिहरेश्वरच्या एका घरून रंगीत पाळणा आला, चिमण्या टांगलेला, परत. एका खोतांकडून पितळी साखळ्यांचा, घुंगरं लावलेला पाळणा आला. साखळीची कुरकुर इतकी असावी की मलाही उजव्या कानात काहीतरी खरवडल्यासारखं झालं. सासूबाईंनी खांबाला तळहात लावला आणि काकूंना म्हणाल्या, "हा मुका आहे."

घुंगरांचा पाळणा मुका. मला वाटलं माझ्यासमोर तो शब्द मुद्दाम वापरला. मी उठून विहिरीवर गेले आणि भरलेली पाण्याची कळशी पुन्हा विहिरीत ओतली. राग आला की मी अशीच काहीतरी निरर्थक कामं करते.

मे महिन्यात यजमान चार दिवस येऊन गेले. पाळण्यांबद्दल मी विचारलं तर म्हणाले, आईचं काय ते आईला माहीत. मिशी होती त्यांना तेव्हा. पुढचं मी वाचायचा प्रयत्नच केला नाही.

ज्येष्ठात सासूबाईंनी खाडीवरच्या सुताराला बोलावलं. हा माणूस होड्या दुरुस्त करायचा, पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की त्याला कामातून मान वर करायला फुरसत नसायची; तरी आला. येताना त्याने स्वतःच्या घरचा पाळणा डोक्यावरून आणला होता. फणसाच्या लाकडाचा, हळदीसारखा पिवळा, कडा पोरांनी चावून चावून गोल केलेल्या. त्याची सहा मुलं त्यातच वाढली होती आणि सहाही जण होडीवर होते. काकूंनी सासूबाईंना बाजूला घेऊन विचारलं, अहो, सोवळ्याच्या घरात सुताराचा पाळणा? सासूबाईंचं सोवळं गावात प्रसिद्ध होतं. पिण्याच्या पाण्याला मीसुद्धा विचारून हात लावायची. पण त्या म्हणाल्या, "बाळाला सोवळं नसतं. आणि त्याची सहा जगली आहेत, तुमच्या खोतांची दोन." काकूंनी मग स्वतःच पाळण्याला हात लावून बघितला.

सुताराच्या तोंडात तंबाखू आणि वर मिशी. त्याचं बोलणं मला तसूभर कळलं नाही. त्याला पाळण्याकडे, मग माझ्या खोलीच्या दिशेने, मग पुन्हा पाळण्याकडे हात करताना मी बघितलं, आणि माझ्या डोहाळजेवणासाठी पाहुण्या आल्या होत्या, त्यांच्यासकट मला दोन दिवसांसाठी काकूंच्या घरी धाडण्यात आलं. खोलीत ठोकाठोक आहे, पोटुशीने तिथे नसावं, असं कारण. मला वाटलं, माझी खोलीही गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला काकूंच्याकडे बसवेना. पाहुण्या झोपल्या होत्या. मी वाडीतून घरी आले. सुतार गेला होता. पडवीत कोणी नाही, स्वयंपाकघरात कोणी नाही. माझ्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं.

माझ्या काथ्याच्या बाजेवर सासूबाई उताण्या झोपल्या होत्या. भर दुपारी, वाळवणं बाहेर असताना. दोन्ही कानांत कापसाचे बोळे, वातींचा कापूस, इतके मोठे की कानाबाहेर फुलले होते. डोळे मिटलेले. बाजेच्या कडेला तो पिवळा पाळणा, टांगलेला नव्हे. त्याची दोरी काढून त्याला चार ठेंगणे पाय लावले होते, आणि बाजेकडची बाजू कमी करून लाकडाच्या दोन खुंट्यांनी तो बाजेच्या चौकटीत पक्का बसवला होता. बाज आणि पाळणा मिळून एकच लाकूड झालं होतं. पाळण्यात आमची मांजर, पोटावर फडकं टाकून. मांजराने कूस बदलली. सासूबाईंनी मिटल्या डोळ्यांनीच उजव्या हाताचं एक बोट वर केलं. मांजराने अंग ताणलं. दुसरं बोट.

मी दारात उभी होते आणि त्यांना पत्ता नव्हता. त्या घरात पहिल्यांदाच असं झालं, की मी कोणाच्या मागे येऊन उभी राहिले आणि त्या माणसाला ते ऐकू आलं नाही. मला एकदम रडूच आलं. मी पुढे होऊन त्यांच्या पायाला हात लावला. त्या दचकून उठल्या, मांजर खिडकीतून बाहेर.

कानातले बोळे काढता काढता त्यांनी सगळं सांगितलं. टांगलेल्या पाळण्यात मूल कितीही हललं तरी ते दोरीतच जिरतं, खाली बाजेपर्यंत काही येत नाही. सगळे पाळणे मुके, एकजात. त्यांनी सुताराला अडचण सांगितली तेव्हा तो हसून म्हणाला होता, "काकी, होडीत म्होरं येक जन हालला का मागं बसल्याला कलतं. त्याला कान न्हाय लागत. तसंच करून देतो." आणि दिलं होतं करून. काल मांजर, आज मांजर. उद्या काकूंच्या लेकीचं तान्हं आणून बघायचं होतं.

"मूल रडायच्या आधी हात-पाय झाडतं," त्या म्हणाल्या. "आम्हाला रडल्यावर कळतं. तुला त्याआधी कळेल."

मी विचारलं. आता विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. म्हटलं, "पण तुम्ही बाळ मागणार होतात ना? फाल्गुनात काकूंना म्हणालात. मी बघितलं."

मी वाक्य तसंच्या तसं म्हणून दाखवलं: बाळ ना, मी मागीन. त्यांनी ते मनाशी दोनदा उच्चारून बघितलं, ओठांवर बोट ठेवून. मग कपाळावर हात मारला.

"पाळणा," त्या म्हणाल्या. "पाळणा मी मागीन, म्हटलं होतं. अगो, बाळ कधी कोणी मागून आणतं का? पाळणा मागून आणतात."

नंतर मात्र त्या मनापासून रागावल्या. चार महिने हे मनात धरून बसलीस, तोंड होतं ना विचारायला, कान गेले म्हणून जीभही गेली का, असं बरंच. मी बाजेवर बसून त्यांचे ओठ वाचत होते आणि रडत होते आणि हसत होते. इतकी सुखाची बोलणी मी कधी खाल्ली नव्हती. शेवटी त्या दमल्या आणि म्हणाल्या, ऊठ, वाळवणं काढ, आभाळ आलंय.

त्या वर्षी श्रावण सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी मुलगी झाली. काकू आणि गावची सुईण होत्या. सासूबाईंनी माझ्या खोलीच्या उंबऱ्याला लागून आपलं अंथरूण घातलं. दिवसा बरं चाललं होतं, पण रात्री त्या तिथेच. पाळण्यावर त्यांचा विश्वास होता, पण माझ्यावर अजून पुरता बसला नव्हता, आणि तो बसावा असं मीही अजून काही केलं नव्हतं. मूल हललं की मला कळायचं, हे खरं. बाजेचा काथ्या पाठीला हलकेच ओढ द्यायचा, कोणी पदर ओढून हाक मारावी तसा. पण मी उठून बसेपर्यंत सासूबाई दिवा घेऊन उंबऱ्यात हजर असायच्या. दर वेळी.

दहाव्या दिवशी दुपारी असा पाऊस लागला की समोरची विहीर दिसेना. कौलांवर काय आवाज होत असेल ते मला ठाऊक नाही. सासूबाई पुढे सांगायच्या की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नव्हतं. त्या गोठ्यात होत्या, गोठ्यात पाणी शिरलं होतं. माझा डोळा लागला होता. काथ्या ओढला गेला, मग पुन्हा, जरा जोराने आणि वेडावाकडा. मी उठले. पोरीने पाय झाडून दुपटं तोंडावर ओढून घेतलं होतं, आणि हाताची मूठ त्यातच गुंतली होती. मी दुपटं काढलं. चेहरा लालबुंद, तोंड उघडं; ओरडत असणार. मी तिला छातीशी घेतलं, पाजायला घेतलं. थोड्या वेळाने तिचे डोळे मिटले.

बऱ्याच वेळाने सासूबाई दारात आल्या. नखशिखान्त भिजलेल्या, पायाला शेण, श्वास लागलेला. गोठ्यात असताना त्यांच्या अचानक लक्षात आलं होतं, की एवढ्या पावसात मूल रडलं तर आपल्याला काही ऐकू येणार नाही, आणि त्या धावत आल्या होत्या. त्यांनी मुलीकडे बघितलं, बाजूला पडलेल्या दुपट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. उंबऱ्यावरच बसल्या आणि पदर पिळत राहिल्या.

संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी त्यांनी उंबऱ्याजवळचं आपलं अंथरूण गुंडाळलं आणि काखेत मारून माजघराकडे निघाल्या. मी काय झालं म्हणून विचारलं. त्या वळल्या, कंदील आपल्या तोंडाजवळ धरला, मला नीट दिसावं म्हणून.

"तुझं मूल तू बघ," त्या म्हणाल्या. "मला झोप हवी."

त्यांनी पहिल्यांदा म्हटलं तेव्हाच मला नीट समजलं होतं. तरी मी मान हलवली, समजलं नाही म्हटलं, आणि त्यांना ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं.